औषधं मिळाली, पण कळली का? हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारायचा राहिलेला प्रश्न

सरकारी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीजवळ थोडा वेळ उभं राहिलं की एक संवाद पुन्हा पुन्हा कानावर पडतो. आतून प्रश्न येतो, ‘कळलं ना?’ बाहेरून उत्तर जातं, ‘हो.’ गोळ्या पिशवीत पडतात, पुढचा केस पेपर आत सरकतो.

त्या ‘हो’चा अर्थ नेमका काय, हे कुणी तपासत नाही. खरंच कळलं म्हणून हो? मागे रांग आहे म्हणून हो? की गावाकडची एसटी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी आहे म्हणून हो?

हॉस्पिटलं रुग्णांचा अभिप्राय घेत नाहीत असं नाही. फॉर्म भरून घेतात, फोनवरूनही विचारतात. पण औषधांच्या खिडकीबद्दल जे विचारलं जातं ते रांग आणि साठा याबद्दल असतं. फार्मासिस्टने समजावून सांगितलं का आणि ते रुग्णाला समजलं का, हा प्रश्न राहून जातो. माझं म्हणणं असं की तो प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये न जाता त्या खिडकीत बसलेल्या फार्मासिस्टच्या हातात पडायला हवं.

फार्मासिस्टचं काम गोळ्या मोजून देणं एवढंच आहे का?

नियमाप्रमाणे अजिबात नाही. औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यापासून आहे. पुढे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ मध्ये ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स’ आणले. रुग्णाचं समुपदेशन ही फार्मासिस्टची जबाबदारी आहे, हे त्यात लिहिलेलं आहे, आणि मोघम लिहिलेलं नाही. औषधाचं नाव काय, ते कशासाठी आहे, किती, कसं आणि किती दिवस घ्यायचं, काय काळजी घ्यायची, कोणते त्रास होऊ शकतात आणि झाले तर काय करायचं, औषध कुठे ठेवायचं, संपल्यावर पुन्हा कसं मिळेल, एखादा डोस चुकला तर काय करायचं. या सगळ्याबद्दल बोलायला सुरुवात फार्मासिस्टने स्वतःहून करायची आहे. रुग्ण विचारेल तेव्हा बघू, अशी सूट नियमात नाही.

सरकारी सेवेत या माणसाचं पदनाम ‘औषध निर्माण अधिकारी’ आहे. गंमत म्हणजे खिडकीत बसून तो औषध निर्माण करत नाही, आणि ज्या कामासाठी रुग्णाला त्याची खरी गरज आहे त्याचा पदनामात उल्लेखही नाही. लोक त्याला अजूनही ‘कंपाउंडर’ म्हणतात, ते वेगळंच.

शिक्षणात हा विषय आता आला आहे. २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आहे. डी. फार्मच्या २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात हॉस्पिटल आणि क्लिनिकल फार्मसी हा स्वतंत्र विषय आहे. पण समुपदेशनाचे दहा मुद्दे पेपरात लिहिता येणं आणि कमी ऐकू येणाऱ्या, घाईत असलेल्या, इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला ते मिनिटभरात समजावता येणं, यात बरंच अंतर आहे. पहिल्या गोष्टीला मार्क मिळतात. दुसरी जमते की नाही, हे नोकरीच्या तीस वर्षांत कदाचित एकदाही तपासलं जात नाही.

मग रुग्णाला विचारलं काय जातं?

सरकारी हॉस्पिटलांच्या दर्जासाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत. त्यात बाह्यरुग्णांसाठी अभिप्रायाचा एक छापील फॉर्म आहे. नोंदणीच्या खिडकीवर किती वेळ लागला, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती, स्वच्छता कशी होती, डॉक्टर नीट बोलले का, तपासायला आणि समजवायला त्यांनी किती वेळ दिला, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे वाईट ते उत्तम अशी श्रेणी. डॉक्टरांच्या बोलण्याबद्दल विचारलं आहे, हे चांगलंच आहे.

औषधांच्या खिडकीबद्दल मुख्य प्रश्न दोन. औषधवाटप तत्परतेने झालं का? आणि लिहून दिलेली औषधं हॉस्पिटलमध्ये मिळाली का? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. औषधच मिळालं नाही तर समजावणार काय? पण या दोन्हींना पाचपैकी पाच गुण देणारा रुग्ण घरी जाऊन गोळ्या साफ चुकीच्या घेऊ शकतो. शिवाय पहिल्या प्रश्नाचा एक उलटा परिणाम संभवतो. जो फार्मासिस्ट एखाद्या आजीबाईंसाठी दोन मिनिटं थांबेल त्याची रांग वाढेल, आणि त्याचे ‘तत्परते’चे गुण घटतील.

दुसरी व्यवस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मेरा अस्पताल’मध्ये रुग्णाला एसएमएस किंवा फोन येतो, अ‍ॅप आणि संकेतस्थळही आहे. समाधानी आहात का, असं विचारलं जातं. नसाल तर कारण निवडायचं. कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा किंवा इतर. ‘गोळी कशी घ्यायची ते कळलं नाही’ हे यातल्या कशात बसवायचं? बहुधा ‘इतर’मध्ये.

कोकणात आणखी एक गोम आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष मुंबईला आणि घरी म्हातारी माणसं, हे चित्र इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केस पेपर काढताना आजोबा मोबाइल नंबर कुणाचा देतात? अनेकदा मुलाचा. म्हणजे रत्नागिरीच्या खिडकीचा अभिप्राय विचारणारा एसएमएस विरारच्या लोकलमध्ये वाजणार.

तिसरी व्यवस्था साठ्याची. ‘ई-औषधी’ प्रणालीमुळे कोणती गोळी किती आली, किती गेली, किती उरली हे संगणकावर दिसतं. उपयोगी आहे, पण तिची नजर खिडकीपर्यंतच जाते.

इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टीम्स नावाचा एक विषय असतो (तो एका झटक्यात सुटलेले लोक मला फारसे भेटलेले नाहीत). त्यातली फीडबॅकची मूळ कल्पना मात्र सोपी आहे. जे नियंत्रणात ठेवायचं आहे, सेन्सर तिथेच बसवायचा. खोली थंड हवी आणि सेन्सर बसवला जिन्यात, तर एसी कितीही महागडा असला तरी खोली उकडणारच. रुग्णाने औषध बरोबर घ्यावं, हा आपला हेतू. सेन्सर बसवलेत रांगेवर आणि गोदामावर.

न कळल्याने बिघडतं काय?

भातलावणीचे दिवस घ्या. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. चिखलात अनवाणी काम करणाऱ्या, जास्त धोका असलेल्या लोकांना प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन दिलं जातं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे असा डोस आहे. आता हीच गोळी इतर संसर्गांसाठी रोज, कधी दिवसातून दोनदा घ्यायची असते. घरात दोघांना दोन कारणांसाठी एकच गोळी मिळाली, तर कोणाची रोजची आणि कोणाची आठवड्याची? वर ती जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नसतं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दुपारी शेतातून येऊन, घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळून अंग टाकणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायचं? गरोदर बाईला आणि लहान मुलांना ही गोळी चालत नाही. तीही चौकशी खिडकीवर व्हायला हवी.

‘आठवड्यातून एकदा’ ही सूचना किती धोकादायक ठरू शकते, याचं सर्वात गंभीर उदाहरण मेथोट्रेक्सेटचं. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी घेतात. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. औषध बरोबर, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर, फार्मासिस्टने दिलेली स्ट्रिपही बरोबर. चुकला तो एक शब्द, चिठ्ठी ते घर या वाटेवर.

याहून रोजचं, म्हणून जास्त घरांत घडणारं उदाहरण रक्तदाबाच्या गोळीचं. बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली अ‍ॅम्लोडिपिनची स्ट्रिप घरी अर्धी उरलेली असते. सिव्हिलमधून तेच औषध जेनेरिक नावाने, वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या रंगाचं मिळतं. नावं इंग्रजीत, अक्षरं बारीक. घरच्यांना वाटतं ही नवी गोळी. मग जुनीही चालू आणि नवीही. डोस दुप्पट. पाय सुजतात, चक्कर येते, आणि पुढच्या वेळी ‘सरकारी गोळी सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पुढच्या खेपेला पुरवठादार बदलला की गोळीचा रंग पुन्हा बदलतो.

दम्याचा पंप तर बघून शिकायची गोष्ट आहे. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात धरून दाबतानाच हळू आणि खोल श्वास आत घ्यायचा, साधारण १० सेकंद रोखून धरायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. खिडकीच्या फटीतून डबी हातात देऊन ‘दोन वेळा ओढा’ म्हटलं, तर औषध फुप्फुसात कमी आणि घशात जास्त जातं. औषधाचा गुण येत नाही आणि दोष औषधावर जातो.

‘समाधानी आहात का?’ विचारून का भागत नाही?

कारण आपण सभ्य माणसं आहोत. जिथे पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे, त्या माणसाबद्दल त्याच्याच खिडकीसमोर उभं राहून कोण वाईट लिहील? त्यातून उपचार मोफत. फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. त्यामुळे अशा सर्वेक्षणांत बहुतेक खुणा ‘चांगलं’ आणि ‘उत्तम’वरच पडणार. सगळ्यांना पाचपैकी साडेचार मिळाले की कुणाला काय सुधारायचं आहे ते दिसतच नाही.

दुसरं कारण म्हणजे आपली स्मरणशक्ती. रॉय केसेल्स या डच संशोधकाने २००३ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. डॉक्टर किंवा इतरांनी सांगितलेल्या वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतो, असं त्यात म्हटलं आहे. ‘हो’ म्हणताना रुग्ण खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याला कळलेलं असतंही. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत ते उरत नाही.

मग विचारायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. आरोग्य केंद्रात औषधांचा वापर कसा होतो हे तपासण्यासाठी तिने काही निर्देशांक ठरवले. औषध देताना सरासरी किती वेळ दिला, पाकिटावर नीट लिहून दिलं का, आणि बाहेर पडणाऱ्या रुग्णाला बरोबर डोस माहीत आहे का, हे त्यांत आहेत. शेवटचा निर्देशांक मला सर्वात आवडतो. रुग्णाला त्याच्या पिशवीतली गोळी दाखवून विचारायचं, ‘ही कधी घेणार?’ उत्तर चिठ्ठीशी जुळवायचं. फार्मासिस्ट आवडला का, याची चर्चाच नाही.

त्याला जोडून आणखी चार-पाच साधे प्रश्न पुरतील. औषध कशासाठी आहे ते सांगितलं का? त्रास झाला तर काय करायचं ते सांगितलं का? घरी आधीची कोणती औषधं चालू आहेत, असं विचारलं का? बोललेलं नीट ऐकू आलं का? तुम्हाला काही विचारायचं होतं, पण विचारता आलं नाही, असं झालं का? या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हेच उत्तर येतं. त्यात कुणाच्या स्वभावाला गुण द्यायचे नाहीत, घडलं की नाही एवढंच सांगायचं. त्यामुळे भिडस्त माणूसही खरं सांगतो.

विचारणारा माणूस खिडकीपासून लांब हवा, आणि तो त्या विभागातला नको. फॉर्मवर रुग्णाचं नाव नको. भाषा घरातली हवी. ‘आपणास औषधोपचारविषयक समुपदेशन प्राप्त झाले काय?’ असं विचारलं तर संगमेश्वरच्या आजी पुन्हा ‘हो’च म्हणणार.

उत्तरं आल्यावर काय करायचं?

इथे खरी मेख आहे. आपल्याकडे अभिप्राय म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे खुलासा मागवणारा मेमो. या वाटेने गेलं तर फार्मासिस्ट एकच गोष्ट शिकेल, फॉर्म कोणाकडून भरून घ्यायचे ती.

फीडबॅक दिला की काम सुधारतंच, हाही गैरसमज आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये यावरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचं एकत्र विश्लेषण केलं. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्याने काम उलट बिघडलं. फीडबॅक माणसाच्या कामावरून माणसावर सरकला की असं होतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ‘तुम्ही रुग्णांशी नीट बोलत नाही’ हे माणसाबद्दल झालं. ‘तुमच्याकडून गेलेल्या ३० जणांपैकी ११ जणांना दुसरी गोळी कधी घ्यायची ते सांगता आलं नाही’ हे कामाबद्दल झालं. (आकडे उदाहरणादाखल.) पहिल्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर काहीतरी करता येतं.

म्हणून माझ्या मते निकाल आधी त्या फार्मासिस्टलाच मिळावा, बंद पाकिटात. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर संपूर्ण विभागाची सरासरी जावी, एकेकाचं नाव नाही. मग अनुभवी सहकाऱ्याने किंवा फार्मसी कॉलेजच्या शिक्षकाने तासभर शेजारी बसून दोन-तीन गोष्टींचा सराव करून घ्यावा, आणि तीन महिन्यांनी तेच प्रश्न नव्या रुग्णांना विचारावेत. पहिल्या मोजणीपेक्षा दुसरी महत्त्वाची. ती केली नाही तर पहिली नुसतीच कागदपत्रं वाढवते.

सराव कसला? उदाहरणार्थ, ‘कळलं ना?’ हा प्रश्न सोडून देण्याचा. त्याऐवजी, ‘आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना ही गोळी कशी घ्यायची सांगाल?’ यात परीक्षा सांगणाऱ्याची आहे, आजींची नाही, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं होत नाही. परदेशात याला ‘टीच-बॅक’ म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक आई पोराला दुकानात पाठवताना ‘काय आणायचं ते सांग बघू’ म्हणत आली आहे.

रुग्णांच्या अभिप्रायाचा असा वापर नवा नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरांना परवाना टिकवण्यासाठी दर पाच वर्षांच्या फेरीत किमान एकदा रुग्णांचा अभिप्राय गोळा करून त्यावर विचार केल्याचं दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये २०११ पासून आणखी एक सेवा आहे. दीर्घ आजाराचं नवं औषध सुरू झालं की एक-दोन आठवड्यांनी औषध दुकानातला फार्मासिस्ट रुग्णाशी पुन्हा बोलतो, कसं चाललंय, काही त्रास आहे का, गोळी चुकते का. यातून रुग्णाला मदत होते, आणि आपण पहिल्या वेळी सांगितलेलं किती पोचलं हे फार्मासिस्टलाही कळतं.

पण वेळ कुठे आहे?

हा आक्षेप खरा आहे, आणि फार्मासिस्टांवर लेख लिहून तो उडवून लावता येणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. चांगलाच निर्णय. पण केस पेपर फुकट झाला म्हणून खिडक्या वाढत नाहीत.

हिशेब करून बघू. समजा ओपीडी चार तासांची, खिडक्या दोन, रुग्ण ३००. म्हणजे दोन्ही खिडक्यांचे मिळून २८,८०० सेकंद, माणशी ९६ सेकंद. त्यात चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायच्या, मोजायच्या, संगणकावर नोंद करायची. बोलायला उरले वीसेक सेकंद. नियमातले दहा मुद्दे वीस सेकंदांत सांगून दाखवा म्हणणं हा फार्मासिस्टवर अन्याय आहे.

पण सगळ्या ३०० जणांना सगळं सांगायची गरजही नसते. वर्षभर तीच गोळी घेणाऱ्याला ‘काही त्रास नाही ना?’ एवढं पुरतं. ज्यांचं औषध नवं आहे, डोस बदलला आहे, पंप किंवा इन्सुलिन आहे, आठवड्याची गोळी आहे, असे समजा ६० जण. त्यांना प्रत्येकी एक मिनिट जास्त दिलं तर ६० मिनिटं. दोन खिडक्यांत वाटली तर अर्धा-अर्धा तास. हा अर्धा तास मोठा आहे, पण अशक्य कोटीतला नाही. एक जण बाजूच्या टेबलावर बसवला तर मुख्य रांग थांबतही नाही.

आणि एक गोष्ट फार्मासिस्टांनी लक्षात घ्यावी. अभिप्राय त्यांच्याच बाजूने बोलू शकतो. ‘ऐकू आलं नाही’ असं निम्म्या लोकांनी सांगितलं, तर दोष बोलणाऱ्याचा नसून काचेचा, खालच्या फटीचा आणि वर घरघरणाऱ्या पंख्याचा असण्याची शक्यता जास्त. ‘विचारायचं होतं, पण मागचे ढकलत होते’ हे शंभर जणांच्या तोंडून आलं, तर रिक्त पद भरा किंवा तिसरी खिडकी उघडा, या मागणीला आधार मिळतो. आज त्यांच्याकडे फक्त गाऱ्हाणं आहे, आकडे नाहीत.

रत्नागिरीत हे कोण करेल?

मनुष्यबळ नाही, हे उत्तर इथे पूर्ण खरं नाही. सावर्ड्याच्या गोविंदराव निकम फार्मसी कॉलेजसारख्या संस्था जिल्ह्यात आहेत. डी. फार्मच्या विद्यार्थ्याला नोंदणीआधी किमान ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषधं देण्याचे. या तासांपैकी थोडे ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर बसून रुग्णांना ‘ही गोळी कधी घेणार?’ विचारण्यात गेले, तर अभिप्रायही जमेल आणि उद्याच्या फार्मासिस्टला माणसं कुठे अडखळतात ते पुस्तकाआधी कळेल.

२०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे एमबीबीएस करणाऱ्या मुलांना २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमाप्रमाणे रुग्णाशी कसं बोलावं याचे रीतसर धडे असतात, ‘एटकॉम’ नावाचे. त्याच मुलांनी उद्या लिहिलेली चिठ्ठी ज्या खिडकीवर जाणार, तिथल्या माणसाला त्या वर्गात बसवायला कितीसा खर्च येतो?

सुरुवात करायला मला प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही योग्य वाटते. मानसिक आजाराची औषधं गुण यायला काही आठवडे घेतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नसतात, आणि ती देण्याचं काम बहुतेक घरांत आई, बहीण किंवा बायको करते. खिडकीवर केस पेपर एकाचा असतो आणि समजावून घ्यायचं असतं दुसरीने. ‘बरं वाटलं की बंद करू का?’ या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत आहे का, एवढं एक जरी मोजलं तरी पुष्कळ कळेल.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

हॉस्पिटलला जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या, बाहेरच्या मेडिकलच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. खिडकीवर त्या दाखवून ‘यातली कोणती आता बंद?’ एवढं विचारा. नव्या गोळीच्या पाकिटावर मराठीत वेळ लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. मुंबईहून आईवडिलांची औषधं सांभाळत असाल तर स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवून घ्या. औषध घेतल्यावर काही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय देशभरात औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आणि अभिप्रायाचा फॉर्म हातात आला तर खुणा करून परत देऊ नका. खाली सूचनांसाठी जागा असते, ती बहुतेक कोरीच राहते. तिथे दोन ओळी लिहा. पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगितलं का, पंप वापरून दाखवला का, काचेमागून बोललेलं ऐकू आलं का.